वाचकांचे प्रश्न : बॉक्सवर १२००, बेडरूममध्ये ३५

या वेळच्या टपालात बहुतेकांचं दुखणं एकच आहे, पैसे एवढ्या स्पीडचे भरतो आणि फोनवर त्याच्या निम्मापण दिसत नाही. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकाला ढकलले, आज फक्त वायफाय आणि वायर.

प्रश्न : ताई, माझा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. राउटरच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात एसी १२०० लिहिलंय. लॅपटॉपला केबल लावली की स्पीड टेस्टला २८५-२९० येतात, तिथे तक्रार नाही. पण फोनवर हॉलमध्ये राउटरच्या समोर बसूनसुद्धा १९०-२०० च्या वर जात नाही आणि बेडरूममध्ये तर ३५! कस्टमर केअरवाला म्हणतो वायफायची गॅरंटी आम्ही देत नाही, केबलवर चेक करा. हात झटकतोय का तो? १२०० चा राउटर ३०० पण का देत नाही? तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं म्हणून फोनमध्ये लिंक स्पीडपण बघितला, हॉलमध्ये ४०० दाखवतो आणि बेडरूममध्ये ७२.
— वैतागलेला वाचक

उत्तर : लिंक स्पीड बघून लिहिलंत हे फार बरं केलंत, निम्मं काम तुम्हीच केलंय. केबलवर २८५-२९० येतायत म्हणजे लाइन व्यवस्थित आहे आणि तो कस्टमर केअरवाला ऐकायला कितीही उर्मट वाटला तरी बरोबर बोलतोय. पाणी मुरतंय ते राउटर आणि फोनच्या मधे.

आधी त्या १२०० चं बघू. तुमच्या राउटरमध्ये दोन रेडिओ आहेत, २.४ गिगाहर्ट्झवाला जास्तीत जास्त ३०० चा आणि ५ गिगाहर्ट्झवाला ८६७ चा, दोघांची बेरीज ११६७ आणि ती वर ओढून १२००. आता तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर (२.४ नाहीतर ५) असतो, त्यामुळे ही बेरीज तुमच्या काय कोणाच्याच फोनला कधी मिळणार नाही, पण बॉक्सवर छापायला छान दिसते. नवीन राउटरचंही तेच, एएक्स ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२.

बरं, उरले ८६७. ते पण कधी? तर फोनला दोन अँटेना, चॅनल (बँडमधला राउटर वापरतो तो पट्टा) ८० मेगाहर्ट्झ रुंद आणि फोन राउटरच्या जवळ, हे तिन्ही जमलं तर. आणि जमलं तरी तो लिंक स्पीड झाला, म्हणजे हवेतून एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) ज्या वेगाने सुटतं तो वेग. तुमच्या डाउनलोडला त्यातलं अर्धं मिळतं, फार तर साठ-पासष्ट टक्के. हे आजचं नाहीये, १९९९ मध्ये ११ एमबीपीएसचं वायफाय आलं तेव्हा हातात पाच-सहाच पडायचे आणि २००३ मध्ये ५४ चं आलं त्याचे वीस-पंचवीस.

अर्धं जातं कुठे? वायफाय म्हणजे एकपदरी पूल आहे, एका वेळी एकाच बाजूची गाडी जाणार. राउटर बोलत असताना फोनने गप्प बसायचं आणि फोन बोलत असताना राउटरने. प्रत्येकाने आधी कानोसा घ्यायचा की हवेत दुसरं कोणी बोलत नाहीये ना, मग थोडं थांबायचं, मग पॅकेट सोडायचं, मग समोरून 'मिळालं' अशी पोच यायची वाट बघायची, नाही आली तर परत तेच. आणि 'दुसरं कोणी' म्हणजे फक्त तुमच्या घरातले नाहीत बरं का, शेजाऱ्यांचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर त्यांचा पासवर्ड तुमच्याकडे नसला तरी त्यांच्या पॅकेटसाठी तुमच्या फोनला थांबावंच लागतं. केबलमध्ये ही भानगडच नाही, दोन्ही बाजू एकाच वेळी पूर्ण वेगाने बोलतात. गिगाबिटच्या केबलवर १००० पैकी ९४० हातात येतात, आणि जे साठ जातात ते पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्यात जातात, कोणाच्या वाट बघण्यात नाही.

आता तुमचे आकडे. हॉलमध्ये लिंक ४०० आणि मिळतात २००, म्हणजे बरोबर अर्धे, म्हणजे वायफाय ठणठणीत आहे. खटकतो तो ४०० च. दोन अँटेनाचा फोन, वायफाय ५ (बॉक्सवरचं एसी म्हणजे हेच) आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल असेल तर कमाल आकडा नेमका ४०० येतो. म्हणजे तुमचा राउटर ८० ऐवजी ४० वर बसलाय. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पानावर चॅनल विड्थ असेल, तिथे ८० करा, फोनचा वायफाय बंद-चालू करा आणि परत लिंक स्पीड बघा. ८६७ किंवा त्याच्या आसपास दिसला की तुमचे ३०० हॉलमध्ये आरामात येतील. ८० करूनही स्पीड वाढला नाही किंवा आणखीनच डळमळला तर आजूबाजूला गर्दी आहे, मग चॅनल बदलून बघा.

बेडरूमचा ७२ म्हणजे फोन २.४ गिगाहर्ट्झवर गेलाय, २० मेगाहर्ट्झ आणि एकच स्ट्रीम (एका अँटेनाचा प्रवाह) याची कमाल ७२ आहे. त्याचे ३५ म्हणजे पुन्हा अर्धेच! बिघाड कुठेच नाहीये, फोनने फक्त कमी वेगाचा पण भिंतीतून जास्त चांगला जाणारा बँड निवडलाय. दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि बेडरूममध्ये मुद्दाम ५ वाला जोडून सिग्नल बघा. हा आकडा डीबीएममध्ये आणि उणे असतो, उणे ५० मस्त, उणे ६७ पर्यंत काही प्रश्न नाही, उणे ७५ च्या खाली गेला की ५ गिगाहर्ट्झचा हट्ट सोडा. त्याआधी राउटर कुठे ठेवलाय ते बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून, जमिनीवर, मोठ्या आरशाआड, यातलं काही असेल तर तो आधी उचलून घराच्या मधल्या भागात उंचावर ठेवा. एवढ्याने कित्येकदा पुढचा खर्च वाचतो.

प्रश्न : तुमच्यासारखे सगळेच सांगतात वायर लावा वायर लावा, मी लावली. प्लॅन २०० चा आहे, वायफायवर १५०-१६० येतात आणि वायरवर ९४! कितीही वेळा टेस्ट करा, ९४ च्या वर काटा हलत नाही. मग वायर कशाला लावायची?
— वायर लावून फसलेली

उत्तर : तुमचा आकडा वाचून मला हसूच आलं, कारण ९४ म्हणजे स्वतःचं नाव-गाव सांगणारा आकडा आहे. तुमची केबल १०० एमबीपीएसवर जोडली गेलीय, आणि १०० च्या लिंकवर हेडर (पॅकेटवरचे पत्ते) वगैरे वजा जाता हातात जवळपास ९४ च राहतात. वायफायसारखा तो ८० आणि १०५ च्या मधे हेलकावे खात नाही, ठाम ९४.

आता का जोडली गेली ते शोधायचं. केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे आठातली एखादी तार तुटली असेल, प्लगमध्ये नीट दाबलेली नसेल किंवा पोर्टमधली पिन वाकलेली असेल तर लॅपटॉप आणि राउटर आपापसात ठरवून गुपचूप १०० वर येतात. लाइट लागलेला असतो, नेट चालू असतं, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. काही जुन्या केबलमध्ये तर मुळात चारच तारा भरलेल्या असतात, प्लग पारदर्शक असला तर नुसतं बघूनसुद्धा कळतं.

आधी केबल बदलून बघा, दुसरी कॅट ५ई किंवा कॅट ६ ची लावा. तरी ९४ च आले तर राउटरचं पोर्ट बघा. आजही पुष्कळ स्वस्त राउटर असे आहेत की बॉक्सवर १२०० आणि मागचे पोर्ट १०० चे, नाकापेक्षा मोती जड. बॉक्सवर बारीक अक्षरात १०/१०० लिहिलं असेल तर १०० चं पोर्ट, १०/१००/१००० असेल तर गिगाबिट. आता तुम्ही म्हणाल पोर्ट १०० चं असेल तर वायफायवर १५० कुठून आले, आणि बरोबर आहे, बाहेरून येणारी लाइन ज्या पोर्टात जाते ते १०० चं असतं तर वायफायवरही ९४ च्या वर गेलं नसतं. म्हणून माझा पहिला संशय केबलवर आणि दुसरा तुमच्या लॅपटॉपच्या पोर्टवर. लॅपटॉपला स्वतःचं पोर्ट नसून यूएसबीचा छोटा अडॅप्टर लावला असेल तर तोही १०० चाच असू शकतो. विंडोजमध्ये इथरनेटच्या स्टेटसमध्ये स्पीड लिहिलेला असतो, १००.० दिसतोय की १.० जीबीपीएस एवढंच बघायचं, स्पीड टेस्ट करत बसायची पण गरज नाही.

प्रश्न : आमच्या स्मार्ट टीव्हीवर स्पीड टेस्ट केली, वायफायने २२० आणि केबलने ९३-९४. वरच्या हिशोबाने टीव्हीचं पोर्ट १०० चं आहे, हे मला माहितीये. मग केबल काढून टाकू ना?
— टीव्हीसमोरचे आजोबा

उत्तर : आजोबा, काढू नका. टीव्हीला २२० ची गरजच नाहीये. फोर के पिक्चर स्ट्रीम व्हायला पंधरा ते पंचवीस एमबीपीएस लागतात, त्यामुळे ९४ मध्ये दोन-तीन टीव्ही चालतील. बहुतेक टीव्हीवाले १०० चं पोर्ट देतात ते या हिशोबानेच.

केबलचा खरा फायदा टीव्हीला नाही, घरातल्या बाकीच्यांना होतो. हवेतला वेळ सगळ्यांत वाटला जातो, टीव्ही दोन-तीन तास पिक्चर ओढत बसला की तेवढा वेळ फोन आणि लॅपटॉपच्या वाट्यातून जातो. आणि जो जितका लांब किंवा जितका जुना तो तितका जास्त वेळ खातो. १५०० बाइटचं एक पॅकेट ६०० एमबीपीएसच्या लिंकवर २० मायक्रोसेकंदात संपतं, तेच पॅकेट कोपऱ्यात पडलेल्या एखाद्या जुन्या यंत्राला ६ एमबीपीएसने द्यावं लागलं तर २००० मायक्रोसेकंद लागतात. शंभरपट! तोवर बाकीचे सगळे थांबलेले. म्हणून टीव्ही, डेस्कटॉप, गेमचा डबा, जे जे जागचं हलत नाही त्याला केबल लावून टाकावी आणि हवा फोनसाठी मोकळी ठेवावी, असं माझं मत आहे.

एकच अपवाद आहे. तुम्ही स्वतःच्या हार्ड डिस्कवरून किंवा घरच्या सर्व्हरवरून फोर के ब्लू-रेच्या मूळ फाइल्स टीव्हीवर चालवत असाल तर त्यांचा वेग १०० च्या वर उसळू शकतो आणि मग ९४ च्या केबलवर पिक्चर अडकतो. तेवढ्यापुरतं वायफाय बरं.

प्रश्न : ताई, मी घरून काम करते. स्पीड टेस्टला वायफायवर कधीही १५० च्या खाली येत नाही तरी मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो, समोरचे म्हणतात तू रोबोटसारखी बोलतेस. मुलाने आतल्या खोलीत गेम डाउनलोडला लावला की तर विचारूच नका. नवरा म्हणतो ५०० चा प्लॅन घेऊ. घेऊ का?
— मीटिंगमधली रोबोट

उत्तर : थांबा, आत्ताच घेऊ नका. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, तुमच्याकडे १५० आहेत. कॉलला स्पीड नाही, वेळेवर पोचणं लागतं. आवाजाची पॅकेटं ठराविक अंतराने यायला हवीत, एखादं दोनशे मिलीसेकंद उशिरा आलं तर ते फेकूनच दिलं जातं आणि तुमचा रोबोट होतो. स्पीड टेस्ट सगळ्याची सरासरी काढते, तिला हे दिसत नाही.

मीटिंग चालू असताना हे करून बघा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग (एक छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती मिलीसेकंद लागले ते मोजणारी आज्ञा) आणि राउटरचा पत्ता (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर बघा), दुसरीत पिंग आणि ८.८.८.८ (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर), दोन्हीच्या शेवटी डॅश टी लावा म्हणजे ते चालूच राहतं. मग मुलाला म्हणावं लाव रे डाउनलोड.

राउटरवाल्या खिडकीतले आकडे उसळले, म्हणजे ३, ४, ३, १८०, ५, २४० असं काही दिसायला लागलं, तर भानगड हवेत आहे आणि केबल लावली की सुटेल. केबलवर राउटरचा पिंग एक मिलीसेकंदाच्या आत असतो आणि तिथेच राहतो. (मुलाचं डाउनलोड बंद असतानाही ठराविक वेळाने एक उसळी येत असेल तर ते लॅपटॉपचं आजूबाजूचे वायफाय शोधणं असतं, तेपण केबलवर प्रश्नच नाही.)

पण राउटरवाली खिडकी शांत आणि फक्त ८.८.८.८ वाली उसळली तर केबल लावून काही उपयोग नाही, हे मुद्दाम सांगते कारण केबल म्हणजे रामबाण असं लोकांना वाटतं. तेव्हा होतं असं की गेमचं डाउनलोड तुमची लाइन तुडुंब भरतं आणि मीटिंगची पॅकेटं त्या रांगेत मागे अडकतात, मग तुम्ही केबलवर असा नाहीतर वायफायवर. त्याला उपाय राउटरमध्येच असतो, क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची सेटिंग शोधा आणि लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा लावा. राउटरमध्ये तसं काही नसेल तर गेमच्या ॲपमध्येच डाउनलोडला लगाम घालता येतो. ५०० चा प्लॅन घेतलात तरी डाउनलोड ५०० पण भरून टाकेल, त्याला काय.

प्रश्न : बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून रिपीटर लावला. आता फोनवर दांड्या फुल दिसतात पण स्पीड जवळपास तेवढाच. असं का?
— फुल दांड्यावाला

उत्तर : दांड्या रिपीटरच्या आहेत, राउटरच्या नाहीत. एका रेडिओचा रिपीटर प्रत्येक पॅकेट आधी ऐकतो आणि मग त्याच चॅनलवर परत बोलतो, म्हणजे हवेतला वेळ दुप्पट आणि स्पीड निम्मा. त्यात तो तुम्ही बेडरूममध्येच लावला असणार, जिथे मुळात सिग्नल नव्हता, मग तो तरी काय पुढे देणार! निदान अर्ध्या वाटेवर तरी लावा. खरा उपाय म्हणजे राउटरपासून बेडरूमपर्यंत एक केबल ओढायची आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारा डबा) लावायचा. मेश (एकमेकांशी जोडलेले वायफायचे दोन-तीन डबे) घेतलंत तरी दोन डब्यांच्या मधे केबल टाकता आली तर टाका, नाहीतर दुधाची तहान ताकावर.

प्रश्न : प्लॅन १०० चा, स्पीड टेस्टला ९५ पण फाइल डाउनलोड होताना ११ च दाखवतं.

उत्तर : काही बिघडलेलं नाही. टेस्ट मेगाबिट मोजते, डाउनलोडची खिडकी मेगाबाइट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. ९५ भागिले ८ करा.

प्रश्न : माझा प्लॅन ३०० चा आहे. वायफाय ७ चा राउटर घेतला तर केबलची गरज संपेल का? जाहिरातीत ५७०० च्या वर आकडे आहेत.
— नवं ते हवं

उत्तर : तो आकडा दोन अँटेना आणि ३२० मेगाहर्ट्झ चॅनलचा आहे. एवढं रुंद चॅनल फक्त ६ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये मिळतं, तुमच्या फोननेही ते ओळखायला हवं, आणि ६ गिगाहर्ट्झ भिंतीतून जायला ५ पेक्षा थोडा आणखी कच्चा. त्याच खोलीत बसलात तर वायफाय ७ केबलच्या गिगाबिटलाही मागे टाकेल, हे खरंय. पण तुमची लाइन ३०० ची आहे, तेवढे तर चांगल्या जागी ठेवलेला वायफाय ५ पण देतो. घ्यायचाच झाला तर मागचं पोर्ट किती गिगचं आहे ते आधी बघा, एक गिगाबिटचं असेल तर आत हवेत कितीही उडवा, बाहेरून ९४० च येणार. वायफाय ७ मधली मला आवडलेली गोष्ट स्पीड नाहीच, एकाच वेळी दोन बँडवर बोलता येणं ही आहे, एक बँड अडला की दुसऱ्याने जायचं, त्याने ते उसळणारे पिंग कमी होतात. पण त्यालाही फोन आणि राउटर दोन्ही त्यातले लागतात.

प्रश्न : राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत केबल भिंतीच्या कडेकडेने नेली तर पंचवीस मीटर होतेय. एवढ्या लांब नेली तर स्पीड कमी होईल ना?

उत्तर : नाही होणार. कॅट ५ई वर गिगाबिट १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालतं, पंचवीसला काही होत नाही. फक्त अख्खी तांब्याची घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए नको, ती वाकवताना तुटते आणि मग तुमचंही ९४ वर येतं. विजेच्या वायरीला चिकटवून एकाच पाइपातून नेऊ नका, आणि कोपऱ्यावर काटकोनात दुमडू नका, गोल वळण द्या.